दोन मीटरवरचा दिवा

श्रोतेहो, नमस्कार.

२००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ मरीन सोल्याचिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० वॅटचा दिवा पेटवला. दिव्याला प्लग नव्हता. तांब्याच्या जाड तारेची दोन वेटोळी समोरासमोर टांगलेली, प्रत्येकाचा व्यास सुमारे ६० सेंटिमीटर. एकाला वीजपुरवठा, दुसऱ्यापाशी दिवा. मध्ये दोन मीटर मोकळी जागा. मधोमध माणसं बसली, तरी दिवा चालूच!

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारच्या तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडेनं १८३१ मध्येच दाखवलं होतं. आपल्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर त्यावरच चालतो. अडचण अंतराची. वेटोळी जरा लांब नेली, की जोर झपाट्यानं ओसरतो. म्हणून तर मोबाइल चार्जिंगच्या चकतीवर अगदी टेकवून ठेवावा लागतो.

मग दोन मीटर कसे जमले? तुम्ही आत्ता रेडिओवर हे केंद्र लावलंत ना, तसेच. हवेत कितीतरी लहरी आहेत, पण तुमचा संच जुळलेल्या लहरीलाच दाद देतो. याला म्हणतात अनुनाद. ती दोन्ही वेटोळी एकाच कंप्रतेला, सेकंदाला सुमारे एक कोटी आवर्तनांना, जुळवलेली होती. त्यामुळे ऊर्जा मुख्यतः एकीकडून दुसरीकडे गेली. माणसाचं शरीर त्या कंप्रतेला जुळत नाही, आणि चुंबकीय क्षेत्राशी त्याचं देणंघेणंही फार नसतं.

आता हिशेबाचं बोलू. एका वेटोळ्यातून दुसऱ्यात पोचली ती सुमारे ४० टक्के ऊर्जा. पण भिंतीतल्या सॉकेटमधून ओढली जात होती तब्बल ४०० वॅट. विजेची ही कंपनं निर्माण करणारं सर्किटच बरीच खात होतं. म्हणजे शंभरातले पंधराच दिव्यापर्यंत! बातम्यांत दिवा झळकला, हा आकडा मात्र फारसा कुणी सांगितला नाही. वीजबिल भरणाऱ्याला तोच आधी विचारावासा वाटेल.

नंतर, २०२१ मध्ये, टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या साथीनं अख्खी खोलीच वेटोळ्यासारखी वापरली. तीन मीटर लांब-रुंद खोली, भिंतींना ॲल्युमिनियमचे पत्रे, मधोमध धातूचा खांब. आत फोन, दिवे, पंखा, सगळं बिनतारी चालत होतं. कल्पना झकास आहे, यात वाद नाही. पण दिवाणखान्यात मधोमध खांब उभा करायचा आणि भिंतींना पत्रे ठोकायचे, तर घरचे आधी एक्स्टेंशन बोर्डच आणायला पाठवतील.