हिट झाले तरी गाव नाही सोडलं : ओझार्क माउंटन डेअरडेव्हिल्स

कंट्री रॉक, म्हणजे अमेरिकन गावाकडचं कंट्री संगीत आणि रॉक यांचं मिश्रण, म्हटलं की बहुतेकांना कॅलिफोर्नियाच आठवतो, ईगल्स बँड वगैरे. आज मात्र आपण जातोय अमेरिकेच्याच मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफिल्डला. ओझार्कच्या डोंगरांचा हा भाग, आणि १९७२ च्या सुमाराला इथल्याच पोरांनी जमवलेला बँड म्हणजे ओझार्क माउंटन डेअरडेव्हिल्स.

जॉन डिलन, रँडल चाउनिंग, लॅरी ली, बडी ब्रेफिल्ड, मायकल ग्रँडा आणि माउथ ऑर्गन वाजवणारा स्टीव्ह कॅश. यांच्यात ठरलेला असा एक मेन सिंगर नव्हताच, गाणी लिहिणारे चार-पाच आणि गाणारेही तेवढेच, गिटार-ड्रम्सच्या जोडीला मँडोलिन आणि मोरचंगसुद्धा. ए अँड एम रेकॉर्ड्सने त्यांना घेतलं, प्रोड्यूसर मिळाला ग्लिन जॉन्स, म्हणजे ईगल्सचा पहिला अल्बम ज्याने केला तोच. १९७३ चा पहिला अल्बम बराचसा लंडनला रेकॉर्ड झाला, पण कव्हरवर काय, तर तुकडे जोडून शिवलेली गोधडी! मला हे कव्हर फार आवडतं, गाणं ऐकायच्या आधीच कळतं ही माणसं कुठली ते.

दुसऱ्या अल्बमला तर रेकॉर्डिंगचं सामानच मिझुरीतल्या त्यांच्या जुन्या फार्महाऊसवर नेलं. त्यातलंच 'जॅकी ब्लू'. ड्रमर लॅरी लीने कॅशबरोबर लिहिलेलं, आधी ते एका पुरुषावर होतं, जॉन्स म्हणाला जॅकीला मुलगी करा, मग शब्द बदलले आणि लीनेच ते गायलं, इतक्या मऊ आवाजात की बाई गातेय असं वाटणारे आजही भेटतात. १९७५ मध्ये हे गाणं बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत, तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

आता कंपनीला अशीच अजून गाणी हवी होती आणि बँडने कॅलिफोर्नियात येऊन राहावं असंही त्यांचं म्हणणं होतं. पोरं काही हलली नाहीत. त्याची किंमत मोजली त्यांनी, एवढं मोठं हिट पुन्हा झालं नाही, चाउनिंग, ब्रेफिल्ड, ली एकेक करत बाहेर पडले, कंपनीही सुटली. पण मला विचाराल तर त्यांच्या गाण्यातला तो मोकळेपणा घर सोडून टिकलाच नसता.

नवीन माणसं येत राहिली, शो चालू राहिले. स्टीव्ह कॅश २०१९ मध्ये गेला. २०२२ ला बँडची पन्नाशी झाली तेव्हाही डिलन आणि ग्रँडा स्टेजवर होते.