स्पॅच्युला म्हणजे सराटाच का?

नमस्कार मंडळी! नागपूरहून, आमच्याच ओट्यापासून. मागे वरण शिजून राहिलंय, मधेच कुकरची शिट्टी झाली तर सांभाळून घ्या.

आज एकच शब्द घेऊ. पण आधी घरातली एक गंमत.

माझी वहिनी साताऱ्याची. लग्न होऊन आली त्या आठवड्यात आई पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी करपायला आली म्हणून आई घाईत म्हणाली, "अगं, सराटा दे नं लवकर!" वहिनी खाली बघायला लागली. आईच्या पायाकडे! तिकडे माळरानावर सराटा म्हणजे काटा, तो गोखरूचा, चपलेतून आरपार जाणारा. तिला वाटलं, सासूबाईंच्या पायात मोडला. आणि आम्हा नागपूरकरांचा सराटा म्हणजे हा.

(सराटा उचलून दाखवते)

लांब दांडा, पुढे चपटं पातं. वहिनी ह्याला उलथणं म्हणते, तिची आई उचटणं म्हणते. आणि माझा सात वर्षांचा भाचा व्हिडिओ बघून बघून म्हणतो, "आजी, स्पॅच्युला घे." झालं, सासू-सुनेचा तह तिसऱ्याच भाषेत.

तर स्पॅच्युला म्हणजे सराटाच का? मीही तसंच समजत होते, म्हणून तर माझा केक बसला.

पहिल्यांदाच अंडी फेटून स्पंज केक करत होते. इंग्रजी कृतीत लिहिलेलं, मैदा स्पॅच्युलाने फोल्ड करा. मी शब्दाचा अर्थ शोधला, उलथणं असं सापडलं, आणि मी हा स्टीलचा सराटा घातला भांड्यात. आता बघा काय होतं. (भांडं कॅमेऱ्याजवळ आणते) भांड्याचं बूड गोल, सराट्याचं पातं सरळ आणि ताठ. पातं बुडाला टेकतच नाही, खाली कोरडा मैदा तसाच राहतो. मग आपण काय करतो? आणखी घाटतो. फेटून फेटून अंड्यात जी हवा भरली होती, जिच्या जोरावर केक फुगणार होता, ती सगळी निघून जाते. ओव्हनमधून निघालं ते धपाट्याच्या जातीचं काहीतरी होतं. भावाने दह्यासोबत खाल्लं, काही बोलला नाही बिचारा.

त्या कृतीतला स्पॅच्युला हा होता.

(रबरी पात्याचा स्पॅच्युला दाखवते, पातं बोटाने वाकवते)

हा वाकतो. पातं मधोमध उभं खाली घालायचं, बुडाला घासत कडेने वर आणायचं, हलकेच उलटवायचं, भांडं थोडं फिरवायचं, पुन्हा तेच. ह्याला फोल्ड म्हणतात. आपण रबरी म्हणतो, पण आजकाल बहुतेक सिलिकॉनचेच असतात. तो किती तापमान सोसतो ते पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचूनच कढईत घाला.

मग दोघांचं नाव एकच कसं? तर स्पॅच्युला हा शब्द काम सांगतच नाही, आकार सांगतो.

ग्रीकमध्ये स्पाथे म्हणजे रुंद, चपटं पातं. वल्ह्याचं पातं स्पाथे, रुंद तलवारही स्पाथे, आणि मागावर आडवा धागा ठोकून बसवायची विणकराची लाकडी पट्टी, तीही स्पाथे. रोमन लोकांनी हाच शब्द घेतला, त्यांची लांब तलवार म्हणजे स्पाथा. त्याला 'छोटं' असं सांगणारा उला हा प्रत्यय जोडला की स्पाथुला, स्पातुला. म्हणजे आई रोज सकाळी तव्यावर छोटी तलवारच चालवते म्हणा ना! पत्त्यांतल्या इस्पिकला इंग्रजीत स्पेड म्हणतात, तोही ह्याच खानदानातला, इटालियन स्पादा म्हणजे तलवारीवरून आलेला.

मला ती विणकराची पट्टी जास्त आवडली. आपलं सावजी जेवण मुळात हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांच्या घरचं. मागावरचा शब्द स्वयंपाकघरात यायला ग्रीसहून इतका फेरा पडला, इकडे माग आणि चूल एकाच घरात होते.

आता आपली भाषा बघा. उलथतं ते उलथणं. तव्यावरून उचटून काढतं ते उचटणं. ज्यातून तेल झरतं तो झारा. आपल्याकडे ही नावं कामावरून पडली, इंग्रजीत पात्याच्या आकारावरून पडलं. म्हणून एका स्पॅच्युलाला मराठीत एकच शब्द शोधाल तर फसाल, माझ्या केकसारखे. (सराटा शब्द कुठून आला, ते आईला विचारलं. "तोंड कमी चालव, पोळी उलटव," म्हणाली.)

कृती वाचताना काय करायचं? शब्दाच्या शेजारचं क्रियापद बघा. फ्लिप किंवा टर्न असेल, म्हणजे उलटवा, तर बिनधास्त सराटा घ्या. फोल्ड किंवा स्क्रेप असेल तर हा वाकणारा. आणि स्प्रेड असेल, केकवर क्रीम पसरवायचं असेल, तर तिसराच, लांब, बिनधारेची सुरी दिसते तसा. अमेरिकन माणूस ह्या तिघांनाही सर्रास स्पॅच्युला म्हणतो. इंग्लंडमध्ये मात्र उलटवायच्या चिरा पाडलेल्या सराट्याला फिश स्लाइस म्हणतात, मग त्यावर मासा असो की ऑम्लेट.

स्वयंपाकघराबाहेरही हा भेटतो. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये पावडर काढायची ती छोटी स्टीलची पट्टी आठवते? स्पॅच्युला. आणि हिवाळ्यात आपल्या विदर्भातल्या तळ्यांवर एक बदक येतं, चोच पुढे रुंद आणि चपटी, मराठीत थापट्या. त्याचं शास्त्रीय नाव स्पॅच्युला क्लायपियाटा! थापट्या म्हणणाऱ्यालाही ती चोच थापीसारखीच दिसली असणार.

उच्चाराचं पटकन सांगते. स्पॅ वर जोर, पुढचं हलकं, स्पॅच्युला. अमेरिकेत स्पॅचला असं ऐकू येतं. स्पाटुला म्हणू नका. अनेकवचन स्पॅच्युलाज. मराठीत बोलताना मी तो स्पॅच्युला म्हणते, सराटाही तोच आहे म्हणून.

राहिला हा रबरीवाला. ह्याला मराठीत काय म्हणायचं? इतवारीत भांड्यांच्या दुकानात मी विचारलं, तर दुकानदार म्हणाले, "केकवाला चमचा म्हणा नं, ताई." चालतं, पण माझ्याकडे ह्याहून बरा शब्द आहे. पातेल्यातलं शेवटचं श्रीखंड बोट फिरवून काढतो, त्याला आपण काय म्हणतो? निपटणं. पातेलं निपटून काढ, ताट निपटून खा. हा तेच करतो, मग ह्यालाही निपटणंच म्हणू. उलथणं तसं निपटणं. आमच्या घरात आता सगळे म्हणतात, वहिनीसकट.

फक्त भाचा चिडलाय. काल केकचं मिश्रण टिनमध्ये ओतलं आणि निपटण्याने भांडं असं लख्ख केलं की, तो नेहमीसारखा भांडं चाटायला आला, आत डोकावला आणि म्हणाला, "आत्या, तू सराटाच घेत जा."