चौथ्या पटावरचा अर्धा गुण

नमस्कार श्रोतेहो! बुद्धिबळ हा एकट्याचा खेळ, असं आपण धरून चालतो. पण क्लबांच्या सांघिक लीगमध्ये शेजारच्या पटांवर काय झालं, यावरही तुमचा डाव ठरतो.

4 पटांची लढत घ्या. तीन डाव संपलेत, आपला संघ 2–1 असा पुढे आहे. चौथ्या पटावर आपला खेळाडू काळ्या मोहऱ्यांनी खेळतोय आणि एका प्याद्याने मागे आहे. बरोबरी साधली, तर अर्धा गुण मिळतो आणि लढत आपली. हरला, तर 2–2. समोरच्यालाही हे ठाऊक आहे, त्यामुळे तो बरोबरी सहजासहजी देणार नाही. कर्णधार मागे उभा असतो; पण बऱ्याच लीगमध्ये तो फार तर ‘बरोबरी मागा’, ‘बरोबरी घ्या’ किंवा ‘डाव सोडा’ एवढंच सांगू शकतो. पटावरच्या स्थितीबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

आता पट डोळ्यांसमोर आणा. दोन्ही राजे, दोन्ही हत्ती आणि पांढऱ्याचं एकच प्यादं, वजिराच्या पट्टीत, पांढऱ्याच्या बाजूने मोजता पाचव्या ओळीवर. पांढरा राजा प्याद्याला खेटून. काळा राजा त्याच पट्टीत, शेवटच्या घरात वाट अडवून. काळ्याने हत्ती कुठे ठेवायचा? घाबरलेला खेळाडू तो राजाजवळ, शेवटच्या ओळीत नेतो, आणि असं मधलं प्यादं असेल तर डाव हरतो. हत्ती हवा सहाव्या ओळीवर. तिथे असेपर्यंत पांढऱ्या राजाला पुढे पाऊल टाकता येत नाही. मग फक्त हत्ती त्याच ओळीत इकडे-तिकडे सरकवत थांबायचं. चाल केली, घड्याळ दाबलं, चाल लिहिली. प्रत्येक चालीला 30 सेकंद वाढून मिळतात, तेवढ्यावर निभवायचं. हे नुसतं थांबणं फार कठीण असतं, आणि मला तरी ते एखाद्या जोरदार हल्ल्याइतकंच थरारक वाटतं.

शेवटी पांढऱ्याला प्यादं सहाव्या ओळीवर ढकलावंच लागतं. त्याच क्षणी काळा हत्ती थेट पहिल्या ओळीत, आणि मागून शहावर शह! राजाला प्याद्याआड लपायची जागाच उरत नाही. बरोबरी. अडीच विरुद्ध दीड.

हा बचाव फ्रान्सचा बुद्धिबळपटू फिलिडोर याने 1777 मध्ये मांडला. तो नावाजलेला संगीतकारही होता.

तुमच्या क्लबाचा संघ लीगमध्ये उतरणार असेल, तर नव्या खेळाडूंना ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, चालींच्या लांबलचक मालिका घोकायला लावण्याआधी ही स्थिती पटावर मांडून द्या. दोन्ही बाजूंनी खेळवून घ्या, घड्याळ लावून.