कास्पार हाउझर आणि टॉवरपेक्षा मोठी खोली

२६ मे १८२८. जर्मनीतलं न्युरेंबर्ग, सणाची सुट्टी, आणि शहरातल्या एका चौकात सोळाएक वर्षांचं पोरगं उभं. पाय लटपटतायत, हातात कुठल्याशा कॅप्टनच्या नावाचं पत्र. काहीही विचारा, उत्तर एकच, बापासारखं घोडेस्वार व्हायचंय. पण लिहायला दिलं तर पठ्ठ्याने नाव बरोबर लिहिलं, कास्पार हाउझर.

पुढे बोलता यायला लागल्यावर तो सांगायचा की अंधाऱ्या कोठडीत एकटाच वाढलो, खायला ब्रेड, प्यायला पाणी, खेळायला लाकडी घोडा, बस. खरं का थाप? कोणी म्हणे बाडेन या जर्मन संस्थानाच्या राजघराण्यातला पळवलेला वारस, कोणी म्हणे पक्का लबाड. १८३३ च्या डिसेंबरात आन्सबाखच्या बागेत छातीत सुरा घुसला, तीन दिवसांत गेला, आणि वार कोणी केला की त्यानेच करून घेतला हेही ठरलं नाही. राजपुत्राची थिअरी डीएनए टेस्टने खोडली, तरी लोक ऐकतायत कुठे!

आता एवढा मसाला असताना दुसऱ्या कोणी झकास मर्डर मिस्ट्री काढली असती. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेरझॉगने १९७४ मध्ये पिक्चर काढला आणि कास्पार मुळात कोण होता या भानगडीत फारसा पडलाच नाही. पिक्चरच्या जर्मन नावाचा अर्थ बघा, प्रत्येक जण स्वतःपुरता आणि देव सगळ्यांच्या विरोधात. फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये १९७५ ला ज्युरीचं मोठं बक्षीसही मिळालं.

आणि हिरो कोण, तर ब्रुनो एस. चाळिशी ओलांडलेला माणूस, सोळा वर्षांच्या पोराच्या रोलमध्ये! अ‍ॅक्टर नाहीच, लहानपण आणि तरुणपण मनोरुग्णालयांसारख्या संस्थांमध्ये कोंडून गेलेलं, नंतर कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि बर्लिनमध्ये अंगणाअंगणात अकॉर्डियन वाजवत गायचा. एका डॉक्युमेंटरीत हेरझॉगला दिसला आणि झालं. त्याचं ते एकेक शब्द ढकलत बोलणं ऐकलं ना, की वयाचा हिशोब पाच मिनिटांत डोक्यातून जातो.

एका सीनमध्ये कास्पार म्हणतो की मी टॉवरमधल्या ज्या खोलीत राहायचो ती त्या टॉवरपेक्षा मोठी आहे, कारण खोलीत कुठेही वळलं तरी खोलीच दिसते आणि टॉवरकडे पाठ केली की टॉवर गायब. आता द्या उत्तर. मग लॉजिकचे प्रोफेसर येतात, एक गाव खरं बोलणाऱ्यांचं, एक खोटं बोलणाऱ्यांचं, समोरून येणारा माणूस कुठल्या गावचा ते एकाच प्रश्नात ओळख. कास्पार म्हणतो, मी विचारेन, तू झाडावरचा बेडूक आहेस का? खरं बोलणारा नाही म्हणेल, खोटारडा हो म्हणेल, संपला विषय. पण प्रोफेसरना चालत नाही, ते म्हणतात हे लॉजिकच नाही. मला तर तो सीन बघताना शाळेतला गणिताचा तास आठवतो, उत्तर बरोबर पण रीत चुकली, शून्य मार्क.

कास्पार मेल्यावर डॉक्टर त्याला टेबलावर उघडतात. यकृत वाढलेलं, मेंदूत काहीतरी वेगळं. शहराचा बुटका कारकून, जो पहिल्या दिवसापासून सगळं टिपून घेतोय, तो जाम खूश, अखेर या माणसाचा खुलासा मिळाला. गाडी उभी आहे पण आज चालतच जाणार, टोपी तेवढी गाडीवानाकडे देतो आणि रिकाम्या रस्त्याने निघतो, काय सुंदर रिपोर्ट झाला म्हणत.