घास अडतो कुठे?

[दृश्य : स्वयंपाकघर. एक बाई भाकरीचा तुकडा वरणात कुस्करतेय. बोटं पुरती मिटत नाहीत.]

तोंड पुरेसं उघडतं का, हे बघायची साधी रीत आहे. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायची. बहुतेकांना जमतं. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे स्क्लेरोडर्मा झालेल्या अनेकांना दोनही जड जातात, कारण ओठांभोवतीची कातडी आवळलेली असते. घास लहान करायचा, मग आणखी लहान. त्यात तोंडाला कोरड. ताट संपायच्या आत माणूस दमतो.

इथवरचं किमान डोळ्यांना दिसतं तरी.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि अवयव आतून निबर होत जातात. दहातल्या नऊ जणांच्या पचनमार्गावर कमी-जास्त परिणाम होतो, सर्वाधिक अन्ननलिकेवर. तिच्या खालच्या भागातले स्नायू दुबळे पडतात. घास छातीशी अडतो, पाण्याच्या घोटाने ढकलावा लागतो. तळाची झडप सैल झाली की आम्ल उलटं वर येतं.

[दृश्य : स्वित्झर्लंडमधलं बर्न शहर, जुने फोटो.]

चित्रकार पॉल क्ले १९३५ मध्ये बर्नला आजारी पडला आणि २९ जून १९४० रोजी गेला. जिवंतपणी रोगाचं नाव कळलं नाही. तो स्क्लेरोडर्मा असावा, हे डॉक्टरांनी पुढे नोंदींवरून ठरवलं. घट्ट अन्न त्याला गिळवत नसे. १९३९ या एका वर्षात त्याच्या हातून बाराशेवर चित्रं झाली, त्यामुळे सगळे त्या चित्रांबद्दल बोलतात. त्याच्या जेवणाबद्दल क्वचितच कुणी.

[दृश्य : पुन्हा स्वयंपाकघर.]

बरं, घास खाली उतरला म्हणजे सुटलो, असंही नाही. आतड्याची हालचाल मंदावली की अन्न तुंबतं आणि तिथे जंतू माजतात. पोट फुगतं, जुलाब होतात, शौचाला तेलकट होतं. दोन्ही वेळा जेवून, वर तूप घेऊनही अंगाला लागत नाही. बी-१२ घटतं, ड जीवनसत्त्व घटतं. घरचे म्हणतात, "अगं, जरा नीट जेवत जा." ती जेवतेच आहे! इथे काम अँटिबायोटिकचं असतं, कधी आलटून पालटून दिलेल्या.

आपला ठरलेला सल्लाही तपासून घ्यावा. कोशिंबीर, कडधान्यं, कोंड्याची पोळी एरवी उत्तम. मंद पोटाला हेच जाचतं. थोडं थोडं, मऊ, पाच-सहा वेळा खाल्लेलं सोसतं. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. उपवासांचा विषय डॉक्टरांपाशी सहसा कुणी काढत नाही, काढायला हवा.

कॅनडात ५८६ पेशंट तपासले, तेव्हा जवळपास १८ टक्के लोकांना कुपोषणाचा मोठा धोका दिसला. तपासणी अगदी साधी : उंचीच्या मानाने वजन किती, आणि तीन ते सहा महिन्यांत न ठरवता किती उतरलं. ५५ किलोची बाई साडेपाच किलोंहून जास्त उतरली, की एवढ्यावरच ती त्या गटात जाते.

[दृश्य : दवाखाना. कोपऱ्यात वजनकाटा.]

दर भेटीला कातडी, फुप्फुसं, रक्तदाब बघतात, आणि ते बघायलाच हवं. वजनाचा आकडाही तारखेसकट फाईलमध्ये लिहून घ्या. आतडं पार थकल्यावर शिरेतून पोषण देण्याची वेळ काहींवर येते. त्याच्या कितीतरी आधी तो आकडा घसरू लागलेला असतो.