शिवी येते, पाणी मागता येत नाही

मागे पण खुर्च्या आहेत, या, बसून घ्या. मी स्पीच थेरपी करते, आणि स्ट्रोकच्या पेशंटच्या घरच्यांकडून एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज त्यावरच बोलायचं ठरवलं. "मॅडम, बाबा मुद्दाम करतात हो."

एक काका होते. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, उजवा हात गेलेला, आणि वाचाघात, म्हणजे अफेजिया, मेंदूला इजा झाल्याने शब्द हरवणं. मी पाण्याचा ग्लास समोर धरला, काका, हे काय? ते बघतायत, ओठ मिटतायत उघडतायत, "पा" सुद्धा निघेना, कपाळाला घाम फुटला, आणि मग डावा हात टेबलावर आपटून एकदम खणखणीत, "च्यायला!" मुलगा लगेच म्हणाला, बघा, बोलता येतंय की. काकू खाली मान घालून बसल्या होत्या, 40 वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती.

मंडळी, हे मुद्दाम नसतं. अगदी कळकळीने सांगते. होतं काय, ग्लास बघून 'पाणी' म्हणायचं तर शब्द शोधावा लागतो, त्यातले आवाज क्रमाने लावावे लागतात, जिभेला ओठांना कामाला लावावं लागतं, आणि बहुतेक माणसांत हे सगळं डाव्या अर्ध्याकडे असतं. रागाचा, कळवळ्याचा शब्द असा जुळवावा लागत नाही, तो अख्खाच्या अख्खा बाहेर पडतो, आणि त्यात मेंदूचा उजवा अर्धा आणि आत खोलवरचे भाग, बेसल गँग्लिया, भावनांशी जोडलेला अमिग्डाला, यांचा मोठा वाटा असतो असं मानतात.

ही गोष्ट आजची नाही. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलात पॉल ब्रोका या सर्जनने एक पेशंट तपासला, लबोर्न नावाचा, तो 21 वर्षं तिथेच होता आणि काहीही विचारलं तरी "तान तान" एवढंच म्हणायचा. पण समोरच्याला आपलं म्हणणं कळेना म्हणून चिडला की देवाच्या नावाने कडक शिवी हासडायचा! मेंदूच्या डाव्या अर्ध्यातल्या, बोलण्याशी जोडलेल्या एका भागाला आज ब्रोकाचंच नाव लागलंय. पुढे 1966 मध्ये एक केस छापून आली, ट्यूमरमुळे त्या माणसाच्या मेंदूचा डावा अर्धाच काढून टाकला होता, तरी बोलायला गेलं आणि जमलं नाही की तोंडातून शिव्या मात्र बाहेर पडत.

मला स्वतःला जास्त भिडते ती 1993 मधली उलटी केस. हिब्रू आणि फ्रेंच बोलणारे 75 वर्षांचे गृहस्थ, स्ट्रोक उजव्या बाजूला, बेसल गँग्लियात. गप्पा मारायचे, पण जेवणाआधीची प्रार्थना, जी जन्मभर रोज म्हटली, ती येईना, आणि शिवीही देता येईना. म्हणजे प्रार्थना आणि शिवी दोन्ही एकदमच गेल्या. आपल्याकडे हे मी उलट्या बाजूने रोज बघते, नातवाचं नाव घेता येत नाही त्या आजी संध्याकाळी दिवा लागला की श्लोक म्हणून टाकतात, आणि घरच्यांना वाटतं आता बरं झालं सगळं, मग पाच मिनिटांनी परत निराशा.

पण ह्या शब्दांचा उपयोग करता येतो. 1980 मध्ये अमेरिकेत नॅन्सी हेल्म आणि बार्रेसी यांनी एक पद्धत मांडली. पेशंटच्या तोंडून आपोआप निसटलेला शब्द कार्डावर लिहायचा आणि त्याला वाचायला द्यायचा, बरोबर वाचला तर कार्ड ठेवायचं, त्याऐवजी दुसराच शब्द आला तर पहिलं बाजूला आणि त्या नव्या शब्दाचं कार्ड करायचं, थोडक्यात आपला हट्ट सोडून त्याच्या तोंडात जे येतं तिथून सुरुवात. मनाला लागणारे शब्द त्यात बरेचदा आधी जमतात.

म्हणून मी काकूंना म्हटलं, वही ठेवा, काय निसटतं ते सगळं लिहा, काही वगळू नका. काकू उठून निघाल्या की काका "अगं" म्हणायचे, नकळत. ते आमचं पहिलं कार्ड. त्यांनी ते वाचलं, ठरवून, माझ्यासमोर, आणि काकूंना रडू आवरेना. मग "नको" आलं, मग "ये".

ती वही मी नंतर बघितली. पहिल्या पानावर काकूंनी तारीख घालून, स्वच्छ अक्षरात, "च्यायला" लिहिलं होतं.