कोच गेल्यावर

(पडद्यावर : शाळेचा हॉल. भिंतीला टेकवलेली, घडी घातलेली जेवणाची टेबलं. मधोमध निळ्या गाद्या.)

सकाळचे साडेदहा. तासाभरात ही टेबलं उघडली जातील आणि इथेच जेवणाची रांग लागेल. सकाळी सगळी शाळा याच फरशीवर मांडी घालून बसली होती. खेळासाठी हॉल मोकळा मिळतो तो या मधल्या वेळेपुरता. इंग्लंडमधल्या कितीतरी प्राथमिक शाळांचं हे रोजचं गणित.

आता कोण कुठे आहे ते पाहा. ट्रॅकसूट घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला कोच बाहेरून आलाय. मुलं त्याच्याभोवती उड्या मारतायत. वर्गशिक्षिका मात्र कडेच्या बाकावर, मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन. मान वर होत नाही.

कोच चांगला आहे, मुलं खूश आहेत. मग बिघडलं कुठे?

(पडद्यावर : पावसाने ओलं झालेलं शाळेचं पटांगण.)

२०१२ साली लंडनमध्ये ऑलिंपिक झालं. त्याच्या दोनच वर्षं आधी सरकारने शालेय क्रीडेच्या जुन्या योजनेचा राखीव निधी बंद करायचं ठरवलं होतं. ऑलिंपिकची पदकं वाटून झाल्यावर प्रश्न आला, आता शाळांचं काय? सप्टेंबर २०१३पासून प्राथमिक शाळांना फक्त शारीरिक शिक्षण आणि खेळासाठी वेगळे पैसे मिळू लागले. नाव, पीई अँड स्पोर्ट प्रीमियम. सुरुवातीला वर्षाला १५ कोटी पौंड.

२०१७मध्ये ही रक्कम दुपटीहून थोडी जास्त, ३२ कोटी झाली. पैसा कुठून येणार? साखरेच्या शीतपेयांवरच्या करातून, असं जाहीर झालं. कर प्रत्यक्षात लागू झाला एप्रिल २०१८मध्ये, म्हणजे वाढीव रक्कम आधी आणि कर मागाहून. पहिल्या वर्षी ५२ कोटी पौंड जमतील असा अंदाज होता. पण कर लागू नये म्हणून कंपन्यांनी पेयांमधली साखरच कमी केली आणि तिजोरीत आले साधारण २४ कोटी. कराचा हेतू साधला, म्हणून वसुली घटली! शाळांची रक्कम मात्र तेवढीच राहिली, हे त्यातल्या त्यात बरं.

शाळेच्या हाती किती पडतं? पहिली ते सहावीची मुलं मोजायची. १६ किंवा त्याहून कमी असतील तर प्रत्येकी १,००० पौंड. १७ किंवा जास्त असतील तर सरसकट १६,००० आणि वर प्रत्येक मुलामागे १०. प्रत्येक इयत्तेची ३० मुलांची एकच तुकडी असलेल्या शाळेत १८० मुलं, म्हणजे १७,८०० पौंड. एका शिक्षकाचा वर्षाचा पगारसुद्धा त्यात निघत नाही.

(पडद्यावर : मुख्याध्यापकांच्या टेबलावरची फाइल, कॅल्क्युलेटर.)

आणि या पैशाला अटी आहेत. बांधकाम करायचं नाही. पोहण्याचा तलाव, कृत्रिम गवताचं मैदान, पटांगणात कायमची बसवायची खेळणी, काही नाही. मुख्याध्यापकांना हे टोचतं, कारण पाहुण्यांना दाखवायला मैदानासारखं दुसरं काही नसतं.

दुसरी अट जास्त खोल आहे. तिथल्या शिक्षकांना शिकवण्याच्या वेळेपैकी निदान १० टक्के वेळ पाठ आखायला आणि तपासणीला मोकळा द्यावा लागतो. त्या वेळात वर्ग कुणीतरी सांभाळायला हवा. सोपा मार्ग म्हणजे कोच बोलवा, मुलं खेळतील, शिक्षिका वह्या तपासेल. नियम सांगतो, हे या पैशातून चालणार नाही. अभ्यासक्रमात जे शिकवणं बंधनकारकच आहे, ते शाळेने आपल्या नेहमीच्या खर्चातून शिकवायचं. हा निधी त्याच्या वरचा.

मला विचाराल तर सगळ्या नियमावलीतली ही सर्वांत शहाणी ओळ आहे. प्राथमिक शाळेत गणित, भाषा, इतिहास आणि खेळाचा तास बहुतेक एकाच शिक्षकाकडे. अनेकांच्या प्रशिक्षणात शारीरिक शिक्षणाच्या वाट्याला जेमतेम काही तास आलेले. कोलांटी शिकवताना मुलाच्या मानेला काही झालं तर, ही धास्ती खरी असते. ती बाकावर बसून जात नाही. कोचच्या शेजारी उभं राहिलं तर जाते.

(पडद्यावर : तरणतलाव. कडेला ओळीने बसलेली मुलं, पाय पाण्यात.)

या दुसऱ्या अटीला पोहण्याचा एक अपवाद. प्राथमिक शाळा सोडेपर्यंत मुलाने निदान २५ मीटर आत्मविश्वासाने पोहावं, वेगवेगळ्या पद्धतींनी हात मारावेत आणि पाण्यात अडचण आली तर स्वतःला सुरक्षित सावरता यावं, हे तिथल्या अभ्यासक्रमातच आहे. त्याचे नेहमीचे तास शाळेच्या खर्चाने. त्यानंतरही जी मुलं मागे राहतात, त्यांच्या जादा तासांना हा निधी चालतो.

या मुलीकडे बघा. हात सुटत नाहीयेत काठावरून. बाकीची पलीकडे पोचलीत. तिला पाहिजेत आणखी चार-सहा तास आणि पाण्यात शेजारी उभं राहणारं कुणीतरी.

सहावीतली किती टक्के मुलं या तिन्ही गोष्टी करू शकतात, हे शाळेला खर्चाच्या हिशेबाबरोबर जाहीर करावं लागतं. शैक्षणिक वर्ष संपता संपता, ३१ जुलैच्या आत. हिशेबात 'मुलांचा उत्साह वाढला' असं लिहून भागवता येतं. पोहण्याच्या रकान्यात नाही.

(पडद्यावर : पुन्हा तोच हॉल. काही महिन्यांनंतर.)

आज कोच नाही. त्याचे ठरलेले आठवडे संपले. शिक्षिका गादीशेजारी गुडघा टेकून बसलीय, पायात कॅनव्हासचे बूट. समोरचा मुलगा डोकं टेकवायला घाबरतोय.

"हनुवटी छातीला लाव. तशीच ठेव. मी आहे."

तो तिरका घरंगळतो आणि गादीबाहेर जातो. ती त्याला परत उभा करते. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पाठ गोल होते.

रांगेत अजून अकरा मुलं आहेत. स्वयंपाकघराची खिडकी वर सरकते, टेबलांची चाकं करकरायला लागतात, आणि ती मान न वळवता म्हणते, "दोन मिनिटं द्या हं आम्हाला."